पिंपळ मुंज्यालाच का?

"तुम्ही बँकेत आहात, तेव्हा निदान मार्कांची बेरीज तरी चुकणार नाही," असं सांगून मला परीक्षक नेमण्यात आलं. वाङ्मयाच्या क्षेत्रात याहून मोठा गौरव माझा आजवर झालेला नाही, तेव्हा मी तात्काळ होकार देऊन टाकला.

त्याचं असं झालं. आमच्या रत्नागिरीतल्या एका हौशी मंडळाने आठवी ते बारावीच्या मुलांसाठी भूतकथा-स्पर्धा जाहीर केली. विषय : 'कोकणातली भुतं'. परीक्षक तिघं. एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याकडे शुद्धलेखन. एक मराठीच्या प्राध्यापिका, त्यांच्याकडे वाङ्मयीन मूल्यं. आणि तिसरा मी, बेरजेपुरता. "तुम्हाला भुतांतलं काय कळतं?" असं आमच्या सौ.ने विचारलं. वीस वर्षं मार्चअखेरीला शाखेत रात्री बारा-बारापर्यंत बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. पण विचारला.

कथांचा गठ्ठा घरी आला. लेखकांची नावं झाकायची असतात हे मंडळाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक कथेवर नाव, इयत्ता आणि पत्ता ठसठशीत होता. पहिल्या दहा कथा वाचून झाल्या तेव्हा मला आपण तीच कथा पुन्हा पुन्हा वाचतोय असा भास व्हायला लागला. हा भुताटकीचा प्रकार की पित्ताचा, ते कळेना. शेवटी कारकुनी स्वभाव उसळून आला. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी रकाने पाडले : भुताचं नाव, राहण्याचं ठिकाण, मृत्यूचं कारण, काय मागतो. आमच्याकडे खातं उघडताना याहून फार जास्त विचारत नाहीत. शेवटी आणखी एक रकाना सहज घातला : नायकाचं आडनाव.

मुंज्याचं बहुमत होणार हे अपेक्षितच होतं. २०२४ साली आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला, आणि तोवर चार पिंपळांवर गरिबीत दिवस काढणारा आमचा मुंजा एकदम अखिल भारतीय झाला. चित्रपट मीही पाहिला आणि मुलांबरोबर किंचाळलोही. त्यातल्या मुंज्याचा जीव मुन्नी नावाच्या, त्याच्याहून थोर मुलीवर जडलेला असतो. सबंध चित्रपटभर तो लग्न लग्न करून नाचतो. मुन्नीला काय हवं होतं, हा प्रश्न मला घरी येऊन पाय धुताना पडला. चित्रपटगृहात पडला नव्हता, हे दिग्दर्शकाचं यश म्हणायचं.

मुंज्याचं समजलं. पण शेवटच्या रकान्याने माझी झोप उडवली. पत्ते पाहावेत तर मिरकरवाडा, राजीवडा, नाचणे, कारवांची वाडी, बौद्धवाडी, गुरववाडी, सगळं रत्नागिरी त्यात आलेलं. आणि नायक कोण? अनिकेत कुलकर्णी. ओंकार जोशी. सोहम पटवर्धन. खारव्याच्या मुलाने लिहिलेल्या कथेत नायक कुलकर्णी, कुणब्याच्या मुलीने लिहिलेल्या कथेत नायिका जोश्यांची. तीही पुण्याहून सुट्टीत आलेली. खातं एकाचं आणि सही दुसऱ्याची असा चेक समोर आला तर आम्ही तो परत पाठवतो. इथे सगळा गठ्ठाच तसा होता.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. कथा अशीच असते, असं त्यांनी कुठून तरी वाचलेलं आहे. आणि वाचलेलं आहे ते आपण लिहिलेलं, आपण छापलेलं आणि आपणच पांघरुणात बॅटरी घेऊन वाचलेलं.

मी नारायण धारपांवर वाढलो. वाचनालयातल्या बाई धारपांचं पुस्तक देताना माझ्या आईची परवानगी आहे का म्हणून विचारत, आणि मी भुताला न घाबरता त्या बाईंशी खोटं बोलत असे. धारपांचे उपकार मी विसरणार नाही. मराठी भूतकथेला त्यांनी शास्त्राची शिस्त दिली आणि समर्थांसारखा एक माणूस दिला. आपल्याला आपल्या फॅमिली डॉक्टरचा वाटतो ना, तसा त्या समर्थांचा आधार वाटायचा. 'लुचाई' वाचून मी आठ दिवस खिडकी लावून झोपलो. पुढे कळलं की तिच्यामागे अमेरिकेतल्या स्टीफन किंगची कादंबरी आहे. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. अमेरिकेतलं रक्तपिपासू भूत आणून मराठी वाड्यात असं बसवायचं की ते भाड्याने राहतंय अशी शंकासुद्धा येऊ नये, याला हात लागतो. राही अनिल बर्व्यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटामागेही धारपांची एक कथा आहे, आणि तुंबाड तर आमच्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं गाव.

रत्नाकर मतकरींबद्दल माझी आपुलकी आणखी वेगळी. ते आमच्या धंद्यातले. बँक ऑफ इंडियात त्यांनी १९७८ सालापर्यंत वीस वर्षं नोकरी केली, हे मी शाखेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. (त्यावर आमचे मॅनेजर "आणि मग सोडली ना?" असं विचारतात.) मतकरींनी भुताला पिंपळावरून उतरवून चाळीत, ब्लॉकमध्ये, कचेरीच्या जिन्यावर आणलं. बरेचदा तर भुताची गरजच ठेवली नाही, माणसाच्या मनातलीच अंधारी खोली उघडून दाखवली. ही मोठी झेप होती.

पण आता चाळिशीच्या चष्म्यातून पाहताना एक गोष्ट डोळ्यांत खुपते. ही गोष्ट एकट्या धारपांची किंवा मतकरींची नव्हे, दिवाळी अंकांतल्या एकूण भूतकथेच्या संसाराची आहे. भूत दिसतं कोणाला, तर नोकरदाराला. वाडा वारसाहक्काने मिळतो कोणाला, तर ज्याच्या आज्याकडे वाडा होता त्याला. आणि त्या वाड्यात कंदील घेऊन एक गडी असतो. त्याचं नाव रामा. आडनाव नसतं. "सायब, त्या खोलीत जाव नुको," एवढं एकच वाक्य तो बोलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी सापडतो. कथेतली कोकणी बोली दोघांच्याच वाट्याला येते, गड्याच्या आणि भुताच्या. नायक मरतानासुद्धा पुस्तकी मराठीत किंचाळतो.

इंग्रजीतही फार वेगळं नाही. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून पोचलेल्या रस्किन बाँड यांच्या एका प्रसिद्ध कथेत रात्री मास्तरांना बिनचेहऱ्याचा मुलगा भेटतो, ते पळत सुटतात, आणि कंदील धरून उभा असलेला चौकीदार भेटतो. त्यालाही चेहरा नसतो. लहानपणी मी त्या शेवटाला दचकलो होतो. आता वाटतं, चौकीदाराला चेहरा असलेली एक तरी गोष्ट वाचलीय का आपण?

लेकीला मी हे सगळं बोलून दाखवलं. तिने मोबाइलवर दोन मिनिटं काहीतरी केलं आणि एक जुनं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे धरलं. आर. ई. एंथोवेन यांनी १९१५ साली सिद्ध केलेल्या लोकसाहित्याच्या टिपणांचा कोकणावरचा भाग. या टिपणांची मूळ सामग्री जमवली होती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी, गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं मागवून. हेच ते जॅक्सन, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. कान्हेरे आमच्या खेड तालुक्यातल्या आयनीचा. म्हणजे कोकणातली भुतं जमवायला निघालेला साहेब कोकणातल्याच पोराच्या हातून गेला, आणि त्याची वही दुसऱ्या साहेबाने पुरी केली. एवढी नाट्यमय गोष्ट माझ्या गठ्ठ्यात एकही नव्हती.

त्या पुस्तकातली भुतांची यादी मी रात्री वाचली, आणि माझ्या कॅलेंडरमागचे रकाने शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी भरून ठेवले असल्याचं कळलं. मुंजा म्हणजे मुंजीनंतर सोडमुंजीआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. ब्रह्मग्रह म्हणजे विद्येचा ताठा असलेला वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. वीर म्हणजे अविवाहित क्षत्रिय. देवचार म्हणजे लग्न झालेला शूद्र, आणि चेडा म्हणजे बिनलग्नाचा. खवीस म्हणजे महाराचं किंवा मांगाचं भूत. झोटिंग कुठे खारव्या-कोळ्याचा, तर कुठे मुसलमानाचा सांगतात. समंध म्हणजे संपत्तीत जीव अडकून मेलेला निपुत्रिक, पुरलेल्या धनावर बसून राहणारा. आमच्याकडे दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, समंधाला तेवढीही सोय नाही.

थोडक्यात काय, जन्माला येताना जो दाखला मिळतो तो मेल्यावरही जमा करून घेत नाहीत. आमच्या रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी सावरकरांच्या प्रेरणेने पतितपावन मंदिर बांधलं आणि सगळ्या जातींना एका गाभाऱ्यात नेलं. पाहुण्यांना आम्ही ते अभिमानाने दाखवतो. देवळाचं दार उघडून इतकी वर्षं झाली, पिंपळावर मात्र अजून जागा राखीव.

थिबा राजाचंच पाहा. ब्रह्मदेशचा हा राजा इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवला. त्याचा राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. गेलेलं राज्य, परका मुलूख, तीस वर्षांची कैद, भूत व्हायला याहून अधिक पात्रता काय हवी? त्याच्या राजवाड्याशेजारून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांनी लिहिलेल्या गठ्ठ्यात थिबा राजा एकदाही आला नाही. त्याला कोकणातल्या भुतांत कोणी धरतच नाही.

खवीस मात्र मला ओळखीचा निघाला.

लहानपणी आमच्या वाडीत 'भूत-भूत' खेळायचो. मला आठव्या वर्षी मुंज झाल्यामुळे मुंजा आपोआप मिळाला. शेंडी होती, लंगोटीही होती. माझा एक वर्गमित्र बौद्धवाडीतून खेळायला यायचा. त्याला खवीस करायचे. का, ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्या मुलांनी भूमिका वाटल्या होत्या आणि त्यांना त्यांच्याहून थोरल्यांनी. खवीस बिनडोक्याचा, म्हणून त्याने सदरा डोक्यावरून ओढून घ्यायचा. त्याला पुढचं दिसायचं नाही, तो गडग्याला अडखळून पडायचा, आणि आम्ही हसायचो. हा खेळातला सगळ्यात आवडता भाग होता.

हा मित्र आता सरकारी खात्यात इंजिनिअर आहे. नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला भरायला शाखेत आला. (जिवंत माणसाने दरवर्षी जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. भुतांकडून असं काही कोणी मागत नाही.) आईला खुर्चीवर बसवून तो माझ्या काउंटरशी आला. डोक्यात भुतंच होती, मी विचारलं, "खवीस आठवतो का रे?"

"गुडघा दाखवू?" तो म्हणाला.

मी गप्प झालो. त्यालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "गंमत सांगतो तुला. आमच्या घरात भूत नव्हतंच. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा आजोबांनी देव्हारा उतरवला, आणि देवांबरोबर भुतांनाही निरोप दिला. पिंपळ, वड, तिठा, सगळीकडनं रात्रीबेरात्री खुशाल जायचे. खवीस म्हणजे काय ते मला तुमच्या अंगणात कळलं. घरी येऊन आजोबांना विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, 'मुंजा कोण झाला होता?'"

"मग?"

"मग काय? आम्ही राजीनामा देऊन बसलो होतो, तुम्ही मंजूर केला नव्हतात."

जाताना त्याने मला अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' पुन्हा वाचायला सांगितली. ती मी कॉलेजात वाचली होती आणि 'दारिद्र्याचं चित्रण' असं समासात लिहून ठेवलं होतं. या खेपेला रात्री वाचली. खाणीतलं काम सुटलेला भीमा रात्री मसणवटीत राख चाळतो, मेलेल्यांच्या अंगावरचं सोनं शोधतो, आणि कोल्ह्यांशी झुंजतो. भूत नावालाही नाही. ज्याला भुताची भीती परवडत नाही अशा माणसाची ती गोष्ट आहे, आणि आमच्या सगळ्या समंध-झोटिंगांनी मिळून मला जेवढं घाबरवलं नसेल तेवढं तिने घाबरवलं. मुलांच्या भूतकथांच्या संग्रहात ही कोणी घालत नाही. घालावी.

बायकांचं प्रकरण तर विचारूच नका. वर दिलेली यादी पुरुषांची. बायकांना जातीचे रकाने फारसे नाहीत, त्यांचा हिशेब नवऱ्यावरून. सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेली तर हडळ. म्हणजे पुरुष काय शिकला, काय कमावलं, कशात जीव अडकला यावरून भूत होतो, आणि बाई कोणत्या अवस्थेत सापडली यावरून. भूतकथेत मग या बायका काय करतात? पांढऱ्या लुगड्यात, केस सोडून, उलट्या पावलांनी रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात आणि मोटारसायकलवरून जाणाऱ्या अनिकेत कुलकर्ण्याला लिफ्ट मागतात. गेल्या शंभर वर्षांत यांना दुसरा उद्योग कोणी दिलेला नाही. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये चेटकिणीला झकास भूमिका मिळाली, सबंध महाराष्ट्राची पोरं तिच्यावर खूश झाली. पण ती भूमिका गाजवली दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढे वैभव मांगल्यांनी! दोघांची कामं बेफाम, त्याबद्दल वादच नाही. पण चेटकिणीची जागासुद्धा पुरुषांतूनच भरायची म्हणजे कमाल झाली.

असो. आता त्या दोन कथांकडे येतो ज्यांच्यावरून परीक्षकांची बैठक पावणेतीन तास चालली.

पहिली राजीवड्यातल्या एका नववीतल्या मुलाची. जेटीवर दुरुस्तीला काढलेल्या जुन्या ट्रॉलरमध्ये एक जिन राहतो. त्याला मिठाई आवडते. बीजगणित येत नाही. मुलगा त्याला सहामाही परीक्षेत मदत कर म्हणतो आणि दोघंही नापास होतात. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो, तेव्हा सौ. बघायला आली.

"कथा बरी आहे," सर म्हणाले. "पण विषय कोकणातली भुतं असा आहे. जिन हा अरबस्तानातला."

"सर, मुलगा राजीवड्यातला आहे. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या जिनच सांगतात. त्याने मुंजा कुठून आणावा?"

"नियम म्हणजे नियम."

"अमेरिकेतली लुचाई आपण मराठीत घेतली ना?"

"त्या धारपांनी घेतल्या."

इथे मला वाद संपल्यासारखं वाटलं होतं. पण समोर बाईंनी आणलेली आंबावडी होती आणि ती बघून मला एकदम सुचलं. "सर, हापूस हा शब्द कुठला? आफोन्सो. पोर्तुगीजांचा. कलमं बांधण्याची विद्याही त्यांच्यामार्फत आली. मग हापूस कोकणातला की लिस्बनचा?"

हापूसवर बोट ठेवलं की रत्नागिरीत माणूस दोन क्षण स्तब्ध होतो. सरांच्या दोन बागा आहेत. त्यांनी जिनाला स्पर्धेत घेतलं.

दुसरी कथा संगमेश्वराकडच्या एका गावातून इथे शिकायला राहिलेल्या अकरावीतल्या मुलीची. हिच्यात हडळच गोष्ट सांगते. पावसाळ्यात कळा सुरू होतात, साकव पाण्याखाली गेलेला, गाडी पलीकडे. माणसं तिला डोलीत घालून नेतात आणि साकवापाशी सगळं संपतं. तेव्हापासून ती तिथे उभी असते. कोणाला धरायला नव्हे. पलीकडच्या वळणावर १०८ ची गाडी येते का ते बघायला. पाणी चढायला लागलं की ती ड्रायव्हरच्या काचेवर टकटक करून त्याला उठवते. एवढीच गोष्ट. वाडीतली माणसं मात्र मुलांना सांगतात, साकवाकडे जाऊ नका, तिथे हडळ आहे. शेवटच्या ओळीत ती आपलं नाव सांगते आणि म्हणते, हे कोणी विचारलंच नाही.

"पाय उलटे असल्याचा उल्लेख नाही," सर म्हणाले. "आणि भीती कुठे वाटते?"

प्राध्यापिका बाई बैठकभर फारसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला. "सर, २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे तेहतीस आया दगावल्याचा सरकारी आकडा आहे. देशाचा सत्त्याण्णव. आपल्या आज्यांच्या वेळी किती असेल, विचार करा. प्रत्येक गावात एक हडळ असायची ती काय उगीच?"

सर म्हणाले, आकडेवारी हा कथेचा निकष नव्हे. ते त्यांचं बरोबरच होतं. मग बाई म्हणाल्या की कथेचा निकष लावला तरी हीच पहिली येते, कारण गठ्ठ्यातल्या इतर सगळ्या हडळी एकसारख्या आहेत आणि ही कोणीतरी एक आहे. हे मला सुचलं असतं तर मी समीक्षक झालो असतो. मी फक्त एवढंच म्हणालो की मला भीती वाटली.

ती का वाटली ते बैठकीत सांगितलं नाही, इथे सांगतो. पावसजवळच्या आमच्या मूळ घराच्या मागे एक चिंच आहे. चिंचेवर हडळ. "तिन्हीसांजेला चिंचेखाली जाऊ नकोस," हे मी बोलायला शिकण्याआधी शिकलो असेन. मोठेपणी कधीतरी उडत उडत कानावर आलं की आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं, ती बाळंतपणात गेली, मग आमची आजी आली. या दोन माहिती माझ्या डोक्यात तीस वर्षं शेजारी शेजारी पडून होत्या. वेगवेगळ्या लेजरात असल्यासारख्या. ताळा करावा असं मला, रोजचा ताळा जमल्याशिवाय घरी न जाणाऱ्या माणसाला, एकदाही वाटलं नाही. त्या मुलीची शेवटची ओळ वाचली आणि नोंदी जुळल्या.

निकाल लागला. हडळीला दुसरं बक्षीस, जिनाला उत्तेजनार्थ. पहिलं एका मुंज्याला, त्याचं शुद्धलेखन निर्दोष होतं. बेरीज माझीच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

पुढच्या रविवारी गावी गेलो. धाकटी आत्या तिथेच असते, पंच्याऐंशीच्या घरात आहे, कान तेवढे गेलेत. ओटीवर बसून तिला विचारलं, "आत्या, आजोबांची पहिली बायको... तिचं नाव काय गो?"

"पहिली," आत्या म्हणाली.

"हो, पहिलीच. नाव?"

"अरे मेल्या, पहिलीच म्हणायचे तिला. माझ्या जन्माआधीची गोष्ट. आई दर अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची."

"कुठल्या नावाने?"

आत्या बराच वेळ चिंचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिच्या माहेरची भांडी होती बघ. आईने माळ्यावर टाकलीन्. वापरायला नको म्हणायची."

माळ्यावरून मी एक पितळी तपेली काढली. काळीठिक्कर. आमच्या सौ.ने न सांगता परसातली चिंच आणून ती घासायला घेतली. काठाखाली ठोक्याठोक्यांनी काढलेली अक्षरं दिसायला लागली. पण आजीने माळ्यावर टाकण्याआधी ती बरीच वर्षं घासली गेली असावी. 'चि. सौ.' दिसत होतं, मग सपाट पितळ, आणि शेवटी एकच अक्षर, 'दा'.

"शारदा," सौ. म्हणाली.

"यशोदा असेल. त्या वेळी यशोदा फार," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नर्मदाही असेल हो."

सौ.ने आणखी चिंच घेतली. मी तपेली तिच्या हातातून काढून घेतली आणि उजेडाकडे धरली.